मंदी आणि दाढीचा शौक

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात वस्तूंचे तीन वर्ग सांगितलेले असतात: गरजेच्या वस्तू, सुखसोयीच्या वस्तू आणि चैनीच्या वस्तू. मीठ गरजेचे, पंखा सुखसोयीचा, अत्तर चैनीचे. परीक्षेपुरते हे वर्गीकरण ठीक आहे. परंतु दाढीचे सामान कोणत्या वर्गात घालावे, असा प्रश्न विचारला तर चांगला हुशार विद्यार्थीही गोंधळतो. कचेरीत किंवा बँकेत जाणाऱ्याला दाढी करणे ही गरज आहे. तीच दाढी घरच्या घरी, हवी तेव्हा आणि कोणासमोर ताटकळत न बसता करता येणे ही सोय आहे. आणि पितळेचा जड रेझर, रानडुकराच्या केसांचा इटालियन ब्रश, चंदनापासून लिंबापर्यंत निरनिराळ्या वासांचे पाच-सात साबण आणि वर जपानी पाते, असा सरंजाम मांडून सकाळचा अर्धा तास त्यात घालवणे ही निखळ चैन आहे. एकाच चेहऱ्यावर तिन्ही वर्ग नांदतात. म्हणूनच बाजारात मंदी आली म्हणजे या मालाचे काय होते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

हा दाढीचा शौक म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. कारण आपल्या भागात असे शौकीन थोडेच आहेत. गेल्या वीसेक वर्षांत जगभर काही मंडळींनी प्लॅस्टिकच्या दांड्याचे, तीन-चार-पाच पात्यांचे रेझर टाकून दिले आणि आजोबांच्या काळातला दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर पुन्हा हाती घेतला. काहींनी त्याच्याही मागे जाऊन सरळ उघडा वस्तरा धरला. वाडग्यात ब्रशने साबणाचा फेस काढायचा, केसांच्या दिशेने एक हात, उलट दिशेने दुसरा हात, शेवटी तुरटीचा खडा. कोणत्या पात्याला कोणता रेझर मानवतो, यावर ही मंडळी पोस्टाच्या तिकिटांच्या संग्राहकांइतक्याच आस्थेने बोलतात. जर्मनीचे रेझर, जपानचे फेदर पाते, इटलीचे ब्रश ही त्यांची दैवते. आपल्याकडेही असा माल बनवणारे आहेत. पार्कर या नावाने जगभर विकले जाणारे रेझर भारतातच तयार होतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मंदीचा विचार करताना मात्र थोडे मागे जावे लागते. आपल्या सीमाभागात दाढी ही मुळात बाजारातली वस्तूच नव्हती. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या टापूतल्या खेड्यांत न्हावी हा बलुतेदार होता. कन्नड मुलखात त्याच व्यवस्थेतील लोकांना आयगार म्हणत. धोकटी काखेत मारून तो घरोघर फिरे आणि वर्षाकाठी खळ्यावर आपला धान्याचा वाटा उचलून नेई. दर दाढीला पैसा मोजण्याचा प्रश्न नव्हता. आता या व्यवस्थेवर मंदीचा परिणाम कसा होईल, ते पाहा. १९२९ नंतरच्या महामंदीत हिंदुस्थानातील शेतमालाचे भाव अवघ्या दोन-तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. शेतकऱ्याचा शेतसारा रोख, सावकाराचे व्याज रोख, आणि हातात येणारी रक्कम निम्मी. घरातले सोने बाहेर पडले, ते याच काळात. १९३१ च्या अखेरीपासून या देशातून सोने परदेशी वाहू लागले. पण न्हाव्याचे बलुते पायलीत मोजलेले असल्यामुळे गावातल्या दाढ्या थांबण्याचे कारण नव्हते. नुकसान झाले ते न्हाव्याचे. त्याच्या पायलीभर जोंधळ्याला बाजारात पूर्वीपेक्षा कमी कापड मिळू लागले. म्हणजे मंदीत गिऱ्हाईक टिकले आणि मिळकत घटली.

शहरातल्या, रोखीने काम करणाऱ्या न्हाव्याचे गणित याच्या नेमके उलटे. त्याचा दर पैशात. धान्य स्वस्त झाले की त्याचा आणा अधिक वजनदार होतो, पण गिऱ्हाइकाची नोकरी गेली की तो आणा येतच नाही. बलुत्याकडून रोखीकडे झालेले स्थित्यंतर हे या धंद्याचे खरे बाजारीकरण होय, आणि तेथूनच तेजी-मंदी न्हाव्याच्या उंबरठ्यावर आली. बलुतेदारीचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. ज्या गावांत दलितांची दाढी करण्यास न्हावी नकार देत, त्या गावांत स्वतःचा वस्तरा बाळगणे हा शौक नव्हता, नाइलाज होता. घरगुती दाढीचा इतिहास लिहिताना हे एक पान वगळून चालणार नाही.

घरगुती दाढीला साधन मिळाले ते अमेरिकेतून. किंग कॅम्प जिलेट याचा दुधारी, वापरून फेकायच्या पात्याचा रेझर १९०३ साली विक्रीस आला तेव्हा त्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि लाखो तरुणांना घरी दाढी करण्याची सवय लागली. पलटण आणि दाढी यांचा संबंध बेळगावकरांना समजावून सांगायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे. तेथील जवानाची सकाळची दाढी सेन्सेक्स पाहून होत नाही. पगार वेळेवर, शिस्त कायम, सामान कँटीनमध्ये. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याच्या मागणीची उत्पन्न-लवचिकता जवळजवळ शून्य आहे.

महामंदीने या धंद्याला काय केले? जिलेटच्या मूळ पेटंटची मुदत १९२१ सालीच संपली होती. १९३० मध्ये त्याच्या कंपनीला एका प्रतिस्पर्धी कंपनीशी विलीन व्हावे लागले, त्या वेळी हिशेबातला फुगवलेला नफाही उघड झाला. १९३२ साली जिलेट वारला तेव्हा त्याची बहुतेक संपत्ती विरघळून गेली होती. लोक दाढी करायचे थांबले होते काय? मुळीच नाही. ते एकच पाते पुरवून पुरवून वापरू लागले. काचेच्या पेल्यात आतल्या बाजूने पाते घासून धार लावण्याची युक्ती आपल्याकडच्या जुन्या माणसांनाही चांगली माहीत आहे. पेल्यावर लावलेली धार फार दिवस टिकत नाही, पण पाच दिवसांचे पाते आठ दिवस चालले तरी कारखानदाराच्या दृष्टीने विक्री तीन-अष्टमांशाने घटली. दाढ्या तितक्याच राहून पात्यांचा खप कसा घटतो, याचे उत्तर या पेल्यात आहे.

आणि गंमत अशी की त्याच भयाण काळात, १९३१ साली, जेकब शिक याने आपला विजेचा दाढीयंत्राचा नमुना २५ डॉलरला बाजारात आणला. अमेरिकेत बेकारांच्या रांगा लागलेल्या असताना ही किंमत डोळे पांढरे करणारी होती. पहिल्या वर्षी यंत्रे थोडीच खपली, पण त्या दशकात हा धंदा चांगला फोफावला. मंदी सर्वांना सारखी भाजत नाही. ज्याची नोकरी टिकली त्याच्या पगाराची खरेदीशक्ती भाव घसरल्यामुळे वाढते. शौकाच्या मालाचा व्यापारी अशाच माणसाच्या शोधात असतो.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरची टंचाई निराळ्या जातीची होती. १९५६-५७ च्या सुमारास परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि सरकारने आयातीवर कडक निर्बंध घातले. त्यानंतरची तीन दशके इंग्लंड-अमेरिकेचे पाते ही दुर्मिळ वस्तू होती. देशात पाती बनत होती; टोपाझ, सुपर-मॅक्स ही नावे कोणत्याही कटलरीच्या दुकानात दिसत. पण शौकिनाचे मन देशी पात्यावर बसत नसे. बेळगावला त्या बाबतीत एक खिडकी होती. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि तेथील बाजारात परदेशी माल सहज मिळे. घाट चढून तो बेळगावात कसा येई, याच्या कथा जुनी मंडळी मिटक्या मारीत सांगतात. गोवा मुक्त झाला आणि ती खिडकी मिटली. पुढे जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. परदेशी पात्यावर याचा परिणाम व्हायला मुळात पात्यांची आयातच कितीशी होती! परदेशी पाते ही तेव्हा परदेशातून येणाऱ्या आप्ताने आणायची भेट होती. १९८४ साली जिलेटने भारतीय भागीदारांसह येथे कंपनी काढली आणि १९९१ नंतर आयातीची दारे हळूहळू उघडली, तेव्हा कोठे दाढीचा शौक बाजारात पैसे मोजून करता येण्यासारखा झाला.

आता आजच्या शौकाकडे वळू. या बाजारात दोन प्रकारचा माल आहे: टिकाऊ आणि खपाऊ. रेझर, ब्रश, वाडगा हे टिकाऊ. पाते, साबण, लोशन हे खपाऊ. मंदीचा घाव यांच्यावर सारखा बसत नाही. एक हिशेब करून पाहू. समजा, एका गावात १०० शौकीन आहेत, आणि एक रेझर दहा वर्षे टिकतो असे धरू. (चांगला रेझर खरे तर पन्नास वर्षेही टिकतो, पण हिशेबाला सोपे पडावे म्हणून दहा.) म्हणजे दरवर्षी १० जुने रेझर बदलले जातील. शिवाय दरवर्षी २० नवे लोक या छंदात पडतात असे धरले, तर एकूण विक्री ३० रेझर. आता मंदी आली आणि नव्या लोकांची संख्या २० वरून १० वर आली. जुने शौकीन एकही कमी झाला नाही. उलट एकूण संख्या १०० वरून ११० झाली. तरीही रेझरची विक्री ३० वरून २० वर, म्हणजे एकतृतीयांशाने घसरली! छंद वाढत असताना व्यापारी बुडतो तो असा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी प्रवेगतत्त्वाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे उदाहरण ध्यानात ठेवावे, जे. एम. क्लार्क यांनी १९१७ साली रेल्वेच्या डब्यांबाबत दाखवून दिले, तेच येथे रेझरला लागू पडते.

पात्यांचे तसे नाही. आठवड्याला एक पाते धरले तर १०० शौकिनांना वर्षाला ५,२०० पाती लागणार, मंदी असो वा तेजी. मग पात्याच्या व्यापाऱ्याने निर्धास्त राहावे काय? येथे शौकिनाचा एक स्वभावदोष आडवा येतो. तो साठा करतो. पाते गंजू दिले नाही तर वर्षानुवर्षे बिघडत नाही, आकाराने पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि शंभराचा खोका घेतला की स्वस्त पडते. शंभर पाती म्हणजे दोन वर्षांची बेगमी. अशी तीन-चार खोकी कपाटात असलेला गृहस्थ मंदीत एक पैसाही खर्च न करता खुशाल रोज दाढी करीत राहतो. त्यामुळे या बाजारात मंदी उशिरा दिसते आणि बाहेरची मंदी सरली तरी येथली लवकर हटत नाही, कारण आधी घराघरांतले कपाट रिकामे व्हावे लागते. साबणाचेही तेच. एक गोल वडी काही महिने सहज चालते. ज्याच्याकडे बारा वड्या आहेत त्याला दुकानदाराची फिकीर नाही.

मंदीत छोट्या चैनी वाढतात, असा एक लाडका सिद्धांत आहे. मोटार घेता येत नाही म्हणून माणूस साबण घेतो. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातील लिओनार्ड लॉडर यांनी २००१ च्या मंदीत लिपस्टिकचा खप वाढल्याचे सांगितले आणि तेव्हापासून हा ‘लिपस्टिक परिणाम’ वर्तमानपत्रांचा आवडता झाला. पुढच्या मंद्यांत तो सरसकट खरा ठरला नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या नावावर तर याच्या उलट ठोकताळा सांगितला जातो: पुरुष मंदीत सर्वांत आधी अंतर्वस्त्रांची खरेदी लांबणीवर टाकतात, कारण ती कोणाला दिसत नाहीत! दाढीचा साबण या दोहोंच्या मधला आहे. चेहरा दिसतो, साबण दिसत नाही. माझ्या मते लहान चैनीचा आधार सिद्धांत म्हणून घेण्यात अर्थ नाही. ज्याची नोकरी शाबूत आहे त्याच्यापुरता तो खरा आहे, इतकेच. उद्यमबागेतील फौंड्रीत काम करणाऱ्याला विचारा. २०१९ साली वाहन उद्योग मंदावला तेव्हा ओतीव कामाच्या मागण्या घटल्या. जादा पाळीची मजुरी हातची गेलेला माणूस जर्मन रेझर सोडून इटालियन साबणाकडे वळत नाही. तो किराणा दुकानातली सर्वांत स्वस्त दाढीची ट्यूब घेतो, किंवा चार दिवस दाढी वाढू देतो.

भारतीय शौकिनावर मंदी पगारापेक्षा रुपयातून अधिक कोसळते. त्याचा आवडता माल परदेशी. रुपया घसरला की पगार तोच राहूनही तोच रेझर महाग होतो, आणि जकात त्या वाढीव किमतीवर लागते. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांपर्यंत गेला, तेव्हा हे प्रत्यक्ष घडले. अशा वेळी शौकीन मंडळी देशी मालाकडे वळतात आणि काही जण तिकडेच रमतात. आजोबांच्या ट्रंकेतला जुना रेझर याच वेळी बाहेर निघतो. चिंच आणि रांगोळीने घासला की तो नव्यासारखा चमकतो, आणि त्यात आजचे पाते बरोबर बसते. शंभर वर्षांत दुधारी पात्याचे माप बदललेले नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात मंदीने अशी थोडी तेजी येते.

या शौकाच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जी शौकिनांच्याही फारशी लक्षात येत नाही. आपल्याकडे दुधारी पाते इतके स्वस्त का मिळते? शौकिनांमुळे नव्हे. पूर्वी न्हाव्याचा वस्तरा एकच असे. दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर लावून तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गालावर फिरे. एड्सचा बोभाटा झाल्यावर गिऱ्हाईक नवे पाते मागू लागले आणि न्हाव्याच्या हाती बदलत्या पात्याचा वस्तरा आला. त्यात तो दुधारी पाते मधोमध मोडून अर्धे बसवतो. कन्नड पाटीवर ‘क्षौरद अंगडी’ लिहिलेले असो की मराठी पाटीवर ‘केशकर्तनालय’, आत अर्धे पाते तेच. दहा गिऱ्हाइकांना पाच पाती. देशभरच्या लाखो दुकानांतला हा रोजचा खप आणि खेड्यापाड्यांतल्या काटकसरी माणसाचा रेझर, यांच्या जोरावर कारखाने चालतात. शौकीन हा या पंगतीतला आगंतुक पाहुणा आहे. यजमानाचे बरे चालले तर त्याचे पान वाढले जाते.

यजमानाचे काय होते, हे २०२० साली सर्वांनी पाहिले. मार्चच्या टाळेबंदीत सलूने बंद झाली. त्या वर्षीच्या मे महिन्यात कर्नाटक सरकारने सुमारे २ लाख ३० हजार न्हाव्यांना एकदाच ५,००० रुपये साहाय्य जाहीर केले, आणि त्याच महिन्यात दुकाने उघडण्यास परवानगीही दिली. सीमेपलीकडे कागलला मात्र परवानगी २८ जूनला आली, तीही केस कापण्यापुरती. दाढीला सुरुवातीला मनाईच होती. निपाणी आणि कागल यांमध्ये अर्ध्या तासाचे अंतर, पण एकीकडे दाढी कायदेशीर आणि दुसरीकडे बेकायदा, असा प्रकार काही काळ होता. कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडवल्या जात असताना तो ओलांडून दाढीला येणार कोण? दोन-तीन महिने उत्पन्न शून्य, भाडे चालू, आणि ५,००० रुपये. त्या काळात घरी दाढी करायला शिकलेले गिऱ्हाईक पुढे परत आले नाही, अशी तक्रार सविता समाजाच्या आणि नाभिक समाजाच्या अनेक दुकानदारांकडून ऐकू येते. शौकिनांच्या जमातीत त्याच काळात नवी भर पडली, हेही खरे. एकाचा शौक सुरू होतो तेव्हा दुसऱ्याची खुर्ची रिकामी होते, हे लिहिताना बरे वाटत नाही, पण हिशेब तसाच आहे.

मंदीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे फॅशन. जिलेटची मालक कंपनी प्रॉक्टर अँड गॅम्बल हिने २०१९ साली जिलेटच्या व्यवसायाची पुस्तकी किंमत सुमारे ८०० कोटी डॉलरने खाली आणली. तरुणांनी दाढ्या वाढवल्या आणि इतर देशांची चलने घसरली, ही कारणे त्यात होती. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना हे सांगायला नको. २०१८ च्या ‘केजीएफ’ चित्रपटानंतर कन्नड आणि मराठी दोन्ही वर्गांत गालावरचे जंगल सारखेच वाढले. गंमत म्हणजे दाढी राखणाऱ्याला दाढीची कड आखायला न्हावीच लागतो, आणि तो साध्या दाढीपेक्षा जास्त पैसे घेतो. फॅशनने कारखानदाराचे जे हिरावले त्यातले थोडे न्हाव्याच्या गल्ल्यात पडले.

निपाणी भागात मात्र आजही सर्व चक्रे तंबाखूच्या भावाशी बांधलेली आहेत. १९८१ साली त्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखला आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. भाव ही येथे किती जिवावरची गोष्ट आहे, ते यावरून कळावे. तंबाखूचा पैसा हाती येईपर्यंत खेड्यातल्या सलूनमध्ये उधारीची वही चालते. ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी वहीतली पाने वाढतात, आणि विडी वळणाऱ्या बाईच्या घरी दाढीच्या ट्यूबऐवजी अंगाचाच साबण गालाला लागतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या तेव्हा रोख मजुरीवर चालणाऱ्या विडी धंद्याची अशीच कोंडी झाली. सप्टेंबर २०२५ पासून दाढीच्या क्रीमवरचा आणि दाढीनंतरच्या लोशनवरचा वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. सलूनच्या सेवेवरचा दरही तितकाच खाली आला. मात्र वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेले दुकान या करात मुळात येतच नाही. खेड्यातल्या एका खुर्चीच्या सलूनला या सवलतीतून मिळाली ती एवढीच, की त्याच्या फळीवरची क्रीमची ट्यूब थोडी स्वस्त झाली.